फेसाला वाट हवी

एअरलॉक ही वीतभरही उंची नसलेली, पारदर्शक प्लास्टिकची वस्तू. आंबवणाच्या भांड्याच्या बुचात ती खोचतात आणि तिच्या वळणात थोडे पाणी भरतात. आतला वायू त्या पाण्यातून बुडबुडे काढत बाहेर पडतो. बाहेरची हवा, धूळ, चिलटे मात्र आत शिरू शकत नाहीत. बिअर, वाइन, मीड असे काहीही आंबवायला घेतले की सर्वांत आधी विकत घेतली जाते ती हीच, आणि सर्वांत आधी दगा देते तीही हीच. रात्री बुडबुडे ठीक चालू असतात. सकाळी पाहावे तर एअरलॉकमध्ये पाण्याऐवजी तपकिरी फेस, झाकण फुगून वर आलेले आणि ओट्यावर चिकट ओघळ. मग एअरलॉकला नावे ठेवली जातात: स्वस्तातला होता, भोक लहान होते, बूच नीट बसले नव्हते. खरे पाहता त्या बिचाऱ्या नळीचा यात काही दोष नसतो. जोराच्या आंबवणात पहिले तीन दिवस एअरलॉकला भांड्यावर कामच नसते, आणि अंधेरी-बोरिवलीच्या किंवा घाटकोपर-मुलुंडच्या हवेत तर त्या दिवसांत तो लावणे हीच मूळ चूक असते. थंड देशांत लिहिलेल्या पुस्तकांतली कृती इथे जशीच्या तशी का चालत नाही, हे त्या फेसाचा हिशेब मांडला की लक्षात येते.

हिशेब तसा शाळेतल्या रसायनशास्त्राचाच आहे. यीस्ट साखर खाते आणि तिचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड करते. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम वायू तयार होतो, म्हणजे आंबलेल्या साखरेचा जवळजवळ निम्मा भाग हवेत जातो. पाच टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेली २० लिटर बिअर घ्या. तिच्यातून पाऊण किलो वायू निघतो. वजनाने हा आकडा फुटकळ वाटतो, पण खोलीच्या तापमानाला तोच वायू ४०० लिटरच्या वर जागा व्यापतो. भांड्यातल्या पेयाच्या वीसपट वायू काही दिवसांत त्या एका भोकातून जायचा असतो. तरीही नुसता वायू असता तर अडचण आली नसती. यातला निम्मा वायू एका दिवसात निघाला असे धरले तरी तासाला आठ-नऊ लिटर, म्हणजे सेकंदाला दोनेक बुडबुडे होतात, आणि एवढे काम साधा एअरलॉक आरामात करतो. एअरलॉक वायूने तुंबत नाही. तो तुंबतो वायूबरोबर वर चढून येणाऱ्या फेसाने, आणि त्या फेसात नुसते बुडबुडे नसतात. माल्टमधली प्रथिने, हॉप्सची कडू राळ, उकळताना साकळलेला गाळ आणि गुणाकाराने वाढत असलेले यीस्ट असे सगळे त्यात मिसळलेले असते. ब्रुअर मंडळी या थराला क्रॉयझन म्हणतात. तो थर नळीच्या अरुंद वळणात शिरला, थोडा सुकला, की डिंकासारखा घट्ट बसतो. त्यात हॉप्सचे एखादे पान अडकले तर बूच पक्के झालेच म्हणून समजावे.

फेस किती उंच चढणार हे दोन गोष्टींवर ठरते: वायू किती वेगाने निघतो आणि एकेक बुडबुडा फुटण्याआधी किती वेळ टिकतो. वेग वाढला किंवा बुडबुड्याचे आयुष्य वाढले, तर फेस वाढतो. दोन्ही एकदम वाढले तर भांड्याचा काठ पुरत नाही. इडलीचे पीठ थंडीत पातेल्याच्या तळाशी निवांत पडून असते आणि मे महिन्यात रात्रीतून उतू जाते, त्यामागे वेगाचेच कारण असते. बुडबुड्याचे आयुष्य ठरते ते धान्यावर. गव्हात प्रथिने भरपूर, म्हणून गव्हाच्या बिअरचा फेस दाट आणि चिवट असतो. शिवाय बव्हेरियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरचे यीस्ट वर तरंगून काम करणाऱ्या जातीचे आहे. ते फेसात घुसूनच वाढते. आता गंमत अशी की आपल्याकडच्या मायक्रोब्रुअऱ्यांत सर्वाधिक लोकप्रिय बिअर हीच. २००९ मध्ये पुण्यात डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली, पुढच्या काही वर्षांत ही लाट लोअर परळमार्गे अंधेरीच्या टॅपरूमपर्यंत पोचली, आणि केळ्या-लवंगेच्या वासाची गव्हाची बिअर हा बहुतेक ग्राहकांचा पहिला पेला ठरला. स्वतः करून पाहायची हौस ज्याला येते, तोही साहजिकच तिथूनच सुरुवात करतो. म्हणजे सर्वांत जास्त फेसाळणारा प्रकार, सर्वांत कमी अनुभव आणि त्यावर मुंबईची हवा, असा हा योग जुळून येतो.

त्या हवेबद्दल जरा सविस्तर बोलले पाहिजे, कारण खरी गोम तिथे आहे. एल जातीच्या बहुतेक यीस्टना १८ ते २२ अंश सेल्सिअस मानवते. उपनगरांचे तापमान सांताक्रूझच्या वेधशाळेत मोजले जाते. तिथे जानेवारीतल्या पहाटे पारा १७ च्या आसपास उतरतो खरा, पण दुपारी पुन्हा तिशीत जातो. मे महिन्यात तर रात्रीसुद्धा तो २७ च्या आसपासच राहतो. तापमान दहा अंशांनी वाढले की यीस्टचे काम ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते. म्हणजे पुस्तकात तीन दिवस पसरलेला जोर इथे दीड दिवसात एकवटतो. त्यात आणखी भर म्हणजे आंबवण स्वतःच उष्णता निर्माण करते. २० लिटर बिअरमधली साखर आंबताना जेवढी उष्णता निघते, ती सगळी भांड्यातच कोंडली तर पेय दहा अंशांनी तापेल. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता भांड्याच्या बाजूंमधून निसटते, तरी ऐन जोरात असताना आतले पेय खोलीपेक्षा चार-पाच अंशांनी गरम असते. एसी २४ वर लावून निश्चिंत झोपणाऱ्याने हे लक्षात घ्यावे: खोली २४ वर असली तरी यीस्ट २८ वर राबत असते.

ओले फडके गुंडाळून भांडे पाण्याच्या टबात ठेवण्याचा जुना उपाय बरेच जण सुचवतात. उपाय खोटा नाही, पण तो कोरड्या हवेचा आहे. पाणी बाष्प होऊन उडते तेव्हा भांड्यातली उष्णता घेऊन जाते, आणि हवेत आधीच बाष्प ठासून भरलेले असेल तर पाणी उडणार कुठे? नागपूर-जळगावच्या मे महिन्यात माठातले पाणी दाताला लागेल इतके गार होते. मुलुंडच्या जुलैत तोच माठ कोमट पाणी देतो. तेव्हा उपनगरात फडक्यावर भिस्त ठेवण्यापेक्षा टबाच्या पाण्यात बर्फ झालेल्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदलत राहणे जास्त उपयोगी. एवढ्याने पेय तीन-चार अंशांनी उतरते, आणि तेवढ्यानेही फेसाचा जोर स्पष्ट ओसरतो. तापमानाला वेसण घालण्याचा दुसरा फायदा चवीत दिसतो. तिशीच्या वर राबलेले साधे एल यीस्ट जड अल्कोहोल जास्त बनवते, आणि मग बिअरला नेलपॉलिशची आठवण करून देणारा उग्र वास येतो. फेसाने उतू जाणारे भांडे आणि प्यायल्यावर डोके धरायला लावणारी बिअर, ही दोन्ही एकाच गरमीची लेकरे आहेत.

एअरलॉक तुंबल्यावर पुढे काय होते, तेही आकड्यांतच पाहू, कारण बरेच जण ही गोष्ट ओटा पुसण्याच्या त्रासापुरती समजतात. भांड्याचे तोंड ३० सेंटिमीटर व्यासाचे असेल आणि आतला दाब वातावरणाच्या दाबाच्या फक्त एक दशांशाने वाढला, तर झाकणावर आतून सुमारे ७० किलो वजनाइतका जोर पडतो. एक धडधाकट माणूस झाकणाला खालून रेटतो आहे असे समजा. जोमाने आंबणारे भांडे पूर्ण बंद झाले तर एवढा दाब तासाभराच्या आत तयार होतो. प्लास्टिकच्या बादलीचे झाकण अशा वेळी उडते आणि छतापर्यंत शिंतोडे जातात. नुकसान रंगाचे आणि शेजाऱ्यांशी असलेल्या संबंधांचे. काचेच्या मोठ्या बुधल्याची गोष्ट वेगळी. त्याला उडणारे झाकण नसते, निमुळत्या तोंडात घट्ट बसलेले रबराचे बूच असते, आणि काच तडकली तर वीस लिटर पेयासकट तिचे तुकडे घरात उडतात. आणखी एक धोका घाईत बूच काढणाऱ्याला असतो. दाबाखाली वायू पेयातही विरघळलेला असतो. तोंड एकदम मोकळे केले की तो सगळा एकाच वेळी सुटू पाहतो आणि फेसाचा फवारा तोंडावर येतो. म्हणून तुंबलेला एअरलॉक दिसला तर चेहरा बाजूला ठेवावा, बुचावर जाड टॉवेल टाकावा आणि बूच पीळ देत, अगदी सावकाश सैल करावे. फुस्स असा आवाज पूर्ण थांबेपर्यंत ते वर उचलू नये.

पण तिथवर वेळ येऊ न देणे सोपे आहे. भांड्यात पेय जेवढे, त्याच्या निदान पाव हिस्सा जागा वर मोकळी ठेवावी. गव्हाची बिअर असेल तर तिसरा हिस्सा. २३ लिटरच्या बादलीत २० लिटर भरणे हा हिशेब लंडनमधल्या तळघरात खपेल, भांडुपच्या माळ्यावर नाही. आणि एअरलॉकच्या जागी एक जाड नळी बसवावी, आतल्या बाजूने बोट शिरेल एवढी. तिचे दुसरे टोक शेजारी ठेवलेल्या पाण्याच्या बादलीत बुडवावे. फेस चढला तर नळीतून बादलीत उतरतो, वायू पाण्यातून बुडबुडतो, आणि बाहेरची हवा आत येत नाही ती नाहीच. ब्रुअर तिला ब्लो-ऑफ नळी म्हणतात. मोठ्या ब्रुअरीतल्या स्टीलच्या टाक्यांवरही अशीच, फक्त मनगटाएवढी जाड नळी असते. धंदा म्हणून बिअर करणारा कोणीही जोराच्या दिवसांत एअरलॉकच्या नाजूक वळणावर विसंबत नाही. दोन पथ्ये मात्र पाळावीत. बादली भांड्याच्या खालच्या पातळीवर असावी, आणि भांडे एकदम थंड करायचे असेल तर नळी आधी बादलीतून काढावी, नाहीतर आकसणारा वायू बादलीतले घाण पाणी आत ओढून घेतो.

फेसाला वाट करून देण्याचा विचार काही आजचा नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्या साहेबांसाठी जी पेल एल जहाजाने येत असे, तिचे मोठे केंद्र इंग्लंडमधले बर्टन हे गाव होते. १८३८ मध्ये पेटंट घेतलेली तिथली बर्टन युनियन पद्धत या फेसावरच उभी होती. लाकडी पिंपे रांगेत मांडायची, प्रत्येकावर बगळ्याच्या मानेसारखी वाकडी नळी आणि त्या सगळ्या नळ्यांखाली एक लांब पन्हळ. फेस नळीतून पन्हळीत पडे, यीस्ट तिथे साठे आणि निथळलेली बिअर पुन्हा पिंपात जाई. जो फेस घरच्या ब्रुअरला आपत्ती वाटतो, त्याच्यातून बर्टनचे लोक पुढच्या घाण्यासाठी ताजे यीस्ट काढून घेत. मार्स्टन्स कंपनीने ही पद्धत २०२४ पर्यंत चालवली. जवळचे उदाहरण हवे असेल तर गोव्यातली काजूची भट्टी पाहावी. बोंडूचा रस तिथे मोकळ्या तोंडाच्या भांड्यांत दोन-तीन दिवस आंबतो, फेसाळतो, शमतो आणि मग ऊर्ध्वपातनाला जातो. मुंबईच्या ईस्ट इंडियन आणि गोवन घरांत नाताळची मनुक्यांची, आल्याची किंवा जांभळाची वाइन पूर्वापार चिनी मातीच्या बरणीत घालतात आणि तोंडाला मलमलीचा दादरा बांधतात. मरोळच्या गावठाणातल्या किंवा गोराईतल्या आजींनी एअरलॉक पाहिलेला नसेल, पण त्यांची बरणी कधी फुटली नाही, कारण दादऱ्यातून वायू जातो आणि फेस वर आलाच तर फडके भिजते, एवढेच.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. एअरलॉक लावतात तो जंतू आत येऊ नयेत म्हणून. मोकळी वाट ठेवली तर पेय नासणार नाही का? पहिले उत्तर असे की जाड नळी म्हणजे मोकळे तोंड नाही, तिचे टोक पाण्यात बुडलेलेच असते. पण दुसरे उत्तर दादऱ्याची बरणी किंवा गोव्यातले उघडे भांडे यांनाही लागू पडते, आणि ते जास्त मोलाचे आहे. जोराच्या दिवसांत भांड्यातून वायूचा अखंड लोट बाहेर येत असतो. हा वायू हवेहून दीडपट जड आहे, त्यामुळे तो पेयावर थर करून राहतो. वरचा फेस आणखी एक पांघरूण घालतो. आणि यीस्टने पहिल्या काही तासांतच साखर, प्राणवायू आणि जागा यांचा कब्जा घेतलेला असतो. नव्या जंतूला शिरकाव अवघड होतो. धोका खरा सुरू होतो तो फेस खाली बसल्यावर. वायूचा लोट थांबला, हवा आत शिरली की व्हिनेगर बनवणारे जिवाणू जागे होतात, आणि ते चिलटांच्या पायांवरून येतात. तिथून पुढे दादरा पुरत नाही. तिथून पुढे एअरलॉक हवाच. म्हणजे एअरलॉक निरुपयोगी नाही. त्याची पाळी चौथ्या दिवसापासून आहे, आणि आपण त्याला पहिल्या रात्री कामाला लावतो.

दुसरा आक्षेप घेणारे म्हणतात की मग यीस्टच कमी टाका, जोर आपोआप कमी होईल. ही काटकसर महागात पडते. यीस्ट कमी पडले की आंबवण सुरू व्हायलाच वेळ लागतो, आणि मुंबईच्या उकाड्यात ते रिकामे तास इतर जंतूंच्या पथ्यावर पडतात. शिवाय थोड्या यीस्टला जास्त वेळा विभाजित व्हावे लागते आणि त्या धावपळीत चव बिघडते. जोर कमी करायचा तर तापमानाने करावा, यीस्टच्या उपासमारीने नव्हे. फेस मारणारी रसायनेही आहेत. पोटातल्या गॅसवरच्या गोळ्यांत जे सिमेथिकोन असते, त्याच घराण्यातला पदार्थ मोठ्या ब्रुअऱ्या थेंबांनी मोजून वापरतात. तो बुडबुड्याचे आयुष्य कमी करतो, वायूचा वेग नाही. उपाय म्हणून तो चालेल, पण जागा आणि नळी असताना त्याची गरज पडू नये, असे माझे मत आहे. तिसरा पर्याय म्हणजे यीस्टच बदलायचे. नॉर्वेतल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले क्वाइक नावाचे यीस्ट तीस ते चाळीस अंशांतही स्वच्छ चवीची बिअर देते. थंड देशातल्या यीस्टला मुंबईचा मे महिना मानवावा, हे ऐकायला विचित्र वाटते, पण तिथले लोक ते कोमट पेयातच सोडत आले. त्याने चवीचा प्रश्न सुटतो. फेसाचा उलट वाढतो, कारण ते भलतेच वेगाने काम करते. क्वाइक वापरणाऱ्याने नळी आणखी जाड घ्यावी.

याहून गंभीर आक्षेप कायद्याचा आहे. मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ हा आजही लागू आहे. त्याच्या नावातले मुंबई जाऊन महाराष्ट्र आले, एवढेच. मद्य या शब्दाची त्यातली व्याख्या अल्कोहोल असलेल्या जवळजवळ प्रत्येक द्रवाला कवेत घेते, आणि परवान्याशिवाय ते बनवणे हा गुन्हा आहे. पाच लिटर घरच्यासाठी केली, विकली नाही, ही सबब त्यात बसत नाही. तेव्हा बिअर आंबवण्याची हौस परवाना असलेल्या ठिकाणीच भागवावी, हे स्पष्ट सांगायला हवे. मग हे सगळे लिहायचे कशाला? एक तर अंधेरीच्या मायक्रोब्रुअरीत काचेपलीकडे दिसणाऱ्या टाकीवरची ती जाड नळी कशासाठी आहे, हे पिणाऱ्याला कळावे. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. जी गोष्ट लपूनछपून केली जाते, ती कोंदट जागी केली जाते. वास बाहेर जाऊ नये म्हणून झाकण घट्ट लावायचे, कोणाला दिसू नये म्हणून भांडे कपाटात किंवा माळ्यावर ठेवायचे. म्हणजे नेमके जे करू नये तेच. चारशे लिटर कार्बन डायऑक्साइड हवेशीर खोलीत कोणाच्या लक्षातही येत नाही. लहानशा बंद कोठीत तो साठला तर डोके दुखण्यापासून बेशुद्धीपर्यंत काहीही होऊ शकते. ब्रिटनने घरगुती बिअरवरचा परवाना १९६३ मध्ये काढून टाकला, अमेरिकेने १९७८ मध्ये घरापुरत्या ठरावीक प्रमाणाला मोकळीक दिली. दोन्हीकडे विक्रीवरची बंदी कायम आहे. आपल्याकडेही विक्री वगळून, प्रमाण बांधून असा विचार व्हायला हरकत नसावी.

त्यावर कोणी विक्रोळी आणि मालवणीची आठवण करून देईल. २००४ मध्ये विक्रोळीत आणि जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने माणसे मेली, मालवणीत शंभरावर. ती आठवण ठेवलीच पाहिजे, पण कारण नीट समजून. ते बळी आंबवणाने घेतलेले नाहीत, मेथनॉलने घेतलेले आहेत. कारखान्यांत वापरला जाणारा तो पदार्थ गुत्त्याच्या दारूत मिसळला गेला. धान्य आंबवताना मेथनॉल अगदी नगण्य तयार होते, आणि बिअर ऊर्ध्वपातित होत नसल्याने ते कुठे एकवटतही नाही. विष विकणाऱ्याचा गुन्हा आणि फेस उतू जाऊ देणाऱ्याचा अडाणीपणा एकाच तराजूत तोलले की दोन्हींवरचा उपाय चुकतो.

ज्यांना बिअरशी काही देणेघेणे नाही, त्यांच्याही घरात हा फेस आता शिरला आहे. आल्याची बिअर म्हणून ओळखले जाणारे घरगुती पेय आणि कोंबुचा उपनगरातल्या कितीतरी स्वयंपाकघरांत होतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त अल्कोहोल असलेले पेय मद्यात मोडते; उकाड्यात आठवडाभर विसरलेली आल्याची बाटली ती रेषा सहज ओलांडते. उपनगरी स्थानकावरच्या स्टॉलवर नीरा सकाळीच आणि गारच का मिळते, त्याचेही हेच कारण: ताडाचा रस उतरला की यीस्ट लगेच कामाला लागते, म्हणून मडक्याला आतून चुना लावतात आणि रस थंड ठेवतात. आल्याच्या पेयात धोका बाटलीचा असतो. लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर बंद बाटलीत आंबली की बिअरला शोभेल एवढा गॅस होतो. गोडीसाठी आपण लिटरला शंभर ग्रॅम साखर घालतो. ती सगळी आंबली तर २५ लिटरहून जास्त वायू होईल, आणि तो सोसणारी काचेची बाटली घरात नसते. म्हणून असे पेय शीतपेयाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीतच भरावे, वर चार बोटे जागा सोडावी आणि रोज अंगठ्याने दाबून पाहावे. बाटली दगडासारखी कडक लागली की झाकण सावकाश सैल करून गॅस सोडावा आणि ती फ्रिजमध्ये ठेवावी. फ्रिजमध्ये यीस्ट मरत नाही, फक्त मंदावते. तिथली बाटलीही आठवड्याभरात संपवावी.